गच्चीवरचा कंट्रोलर कोणाला?

मी, मोटार वाइंडिंगच्या दुकानातून निवृत्त झालेला, खाली सही करणारा इसम, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. बायकोचा अभिप्राय वेगळा आहे, तो जोडलेला नाही.

१. राहतं घर बायकोच्या नावे. इतकी वर्षं मी तिथे तिच्या परवानगीनेच राहत आलो, आता कागदही तिचा होईल.

२. बँकेत जे काही उरेल ते मुलीला. सोल्डरिंग गन, मल्टिमीटर आणि वाइंडिंगची सगळी हत्यारंही तिलाच. जावयाने माझ्या पकडीने खिळे ठोकू नयेत.

३. गच्चीवरचं सोलर पॅनल, बॅटरी आणि मी हाताने बनवलेला चार्ज कंट्रोलर. हे कलम नीट वाचावं. या तिन्हींवर बायकोच्या इन्सुलिनचा छोटा फ्रिज चालतो, कारण आपल्याकडची वीज माहेरी गेल्यासारखी जाते, परतायचं नाव घेत नाही.

कंट्रोलरचं काम एवढंच: बॅटरी भरली की पॅनल तोडायचं, उतरली की जोडायचं. माझा पहिला कंट्रोलर दिवसभर टकटक करायचा. भरली, तोड, जराशी उतरली, जोड. तोडजोड करणारा रिले पार वेडा झाला. मी पुस्तकं धुंडाळत बसलो. ही कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "अहो, बंद झालंय तर जरा वेळ बंदच राहू द्या की! लगेच काय उठून पळायचं?" झालं! तोडायचं चौदा पॉइंट चार व्होल्टला, जोडायचं तेराला, एवढं अंतर ठेवलं आणि टकटक थांबली. पुढे रिले काढून मॉसफेट नावाचा मुका इलेक्ट्रॉनिक स्विच बसवला आणि तो तापू नये म्हणून त्याला जुन्या खिडकीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लावली. पट्टीची कल्पना माझी, याची नोंद असावी.

४. मेहुण्याला कंट्रोलर हवा आहे. मिळणार नाही. गेल्या उन्हाळ्यात साहेब पॅनल पुसायला चढले आणि पॅनल जोडलेलं असतानाच बॅटरीची वायर काढली. मध्ये बॅटरी नाही म्हटल्यावर पॅनलचा सगळा जोर फ्रिजवर गेला. फ्रिजचं कार्ड जळालं, इन्सुलिन तापून वाया गेलं, आणि वर हे महाशय म्हणतात, "दाजी, तुमच्या सर्किटमध्येच खोट आहे." खोट माझ्या सासुरवाडीत आहे, बायको वगळून.

५. म्हणून कंट्रोलर बायकोला. ती म्हणते, "ते लचांड माझ्या गळ्यात नको." तेव्हा हे कलम मी मेल्यावर नव्हे, उद्यापासून लागू होईल. दर रविवारी वायरी तीच काढेल, तीच जोडेल. काढताना आधी पॅनल, जोडताना आधी बॅटरी. मी स्टुलावर तोंड मिटून बसेन. मला मरणाची भीती नाही. मी गेल्यावर हिचं औषध तापेल आणि कोणाला कळणारही नाही, याची आहे.

एवढं वाचून दाखवलं तर म्हणते, "आणि मीच आधी गेले तर?"

नको ते विचारायची हिची जुनी सवय. पण कागदाला उत्तर हवं, म्हणून:

६. ती आधी गेल्यास कंट्रोलर मेहुण्याला द्यावा. वायरी त्याला हव्या त्या क्रमाने काढू द्याव्यात.

सही: मोटार वाइंडिंगवाला

आमच्यादेखत सही झाली. इसम शुद्धीत होता, जरा चिडलेला होता.
साक्षीदार: १. खालच्या मजल्यावरचा शिंपी २. फॅमिली डॉक्टर
ठिकाण: घरची गच्ची
तारीख: शनिवार, ९ मार्च