मोगरीविना रविवार

सोमवार, ३ जून
उजाडता ओंडक्यापाशी बसले, अंधार पडल्यावर उठले. कापडासाठी झाडाच्या सालीची पट्टी मोगरीने ठोकून ठोकून वीतभराची दोन हात झाली. आमच्या लेकीच्या, लोसाच्या, लग्नाला तीन आठवडे — मुलीकडून रुमालाएवढं कापड गेलं तर गाव वर्षभर चघळत बसेल!
नवरा, तेविता, पडवीत खाटेवर. अर्धांगाचा झटका येऊन तीन महिने झाले, त्याच्या तोंडून शब्द नाही. डॉक्टरीण म्हणाली होती, नुसतं शेजारी बसा, त्याला वेळ द्या. बसू कधी? जेवले की मेल्यासारखी झोपते.

बुधवार, ५ जून
खांदा भरून आलाय. तेविताला घाईघाईने पेज भरवली. त्याने माझं मनगट धरलं. मी सोडवून घेतलं. ओली साल वाळली असती.

रविवार, ९ जून
नको ते केलं. आमच्या बेटावर रविवारी कामाला बंदी, तरी सगळे चर्चला गेल्यावर मोगरीला टॉवेल गुंडाळला आणि ठोकत बसले. पण रविवारी इथे नारळ पडला तरी कुणाच्या वाडीत ते कळतं! चर्चमधून येताना सिउतितीने, माझ्या नणंदेने, रस्त्यावरूनच ठकठक ऐकली. नारळाच्या दुधातलं अळू ठेवून निघून गेली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

शुक्रवार, १४ जून
अजून निम्मं बाकी.

शनिवार, १५ जून
संध्याकाळी सिउतिती आली आणि माझी मोगरी उचलून कमरेला गुंडाळलेल्या चटईत खोचली. म्हणे, सोमवारी सकाळी मिळेल. आमच्यात नवऱ्याच्या बहिणीपुढे कुणाचं चालत नाही. तरी मी म्हटलंच, कापड अपुरं राहील.
"कमी पडलं तर माझ्या घरचं जोडू," ती म्हणाली. "वहिनी कुठून जोडून आणू?"
ती गेल्यावर भांडी आपटली.

रविवार, १६ जून
हात रिकामे. चर्चला गेले नाही, फुगून तेविताच्या खाटेशी बसून राहिले. लांबून गाणी ऐकू येत होती, मग तीही थांबली. तेव्हा ऐकलं — घोगरं, श्वासाएवढं.
"फुसी."
माझं नाव. मी हललेसुद्धा नाही. पुन्हा, "फुसी." रडू आवरेना. विचारलं, कधीपासून हाका मारतोयस रे?
त्याने माझ्या ओंडक्याकडे बोट केलं.
"रोज," म्हणाला.