दोन कार्बोरेटर आणि घाट

३ फेब्रुवारी, सोमवार

बंद पडली! भर घाटात, वळणावर, मागे ट्रकांची रांग. आधी धाप लागल्यासारखी अडखळली, मग गप्पच. मी बॉनेट उघडलं. हे मागे उभे राहून ट्रकवाल्यांना हातवारे करत होते. एकाने मान बाहेर काढून विचारलं, "आजी, म्युझियममधून पळवून आणली का?" मी म्हटलं, "हो, आणि तिच्या जागी तुझा ट्रक ठेवणार आहे. हो पुढे!"

थंड झाल्यावर सुरू झाली. पण घरी आल्यावर ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विषय काढला. मखमलवाला परत विचारत होता म्हणे. तो जुन्या गाड्या गोळा करतो, हॉलमध्ये उभ्या करतो, भोवती मखमली दोर लावतो. चालवत एकही नाही.

"चांगल्या घरी पडेल," हे म्हणाले. जशी काही मुलगीच द्यायची आहे!

भांडण झालं. शेवटी ठरलं ते असं — तेवीस तारखेच्या रविवारी दोघांनी जायचं. घाट एका दमात, कुठेही न थांबता चढला तर गाडी राहील. नाही तर मखमलवाल्याला फोन. मी हो म्हटलं. शब्द दिला की दिला.

४ फेब्रुवारी

लोकांना वाटतं जपणं म्हणजे झाकून ठेवणं. उभी राहिली की गाडी मरते. रबर वाळतं, ब्रेक धरतात, टाकीत गंज चढतो. ही दोन सीटची, कापडी टपाची गाडी मी पहिल्या नोकरीत असताना भंगारवाल्याच्या अंगणातून सोडवून आणली. लग्नाच्याही आधी. तेव्हापासून भाजी, बँक, वाचनालय, सगळं हिच्यातूनच. म्हणून तर आजवर टिकली.

प्लग काढले. पुढचे दोन काळेकुट्ट, मागचे दोन फिकट. निदान सोपं आहे. हिला दोन कार्बोरेटर. दोघांनी सारखीच हवा ओढली पाहिजे. एक जास्त, एक कमी झालं की इंजिन लंगडतं.

नळी काढली. हातभर रबरी नळी, दुसरं काही लागत नाही. एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानात. हवेचा फुस्स आवाज येतो. पुढच्याचा ऐकायचा, मागच्याचा ऐकायचा, आणि दोन्ही सारखे होईपर्यंत स्क्रू फिरवायचा. पुढच्याचा फारच मंद होता. उघडला थोडा. झालं!

५ फेब्रुवारी

कसलं झालं. फाटकातून बाहेर काढताना सगळी गाडी थरथरली. आरसासुद्धा.

९ फेब्रुवारी

पेट्रोलची गाळणी बदलली. ठिणगीचे पॉइंट घासले, अंतर मोजून बसवले. हवेची गळती शोधली — नाही. परत नळी. पुढचा परत मंद! परत उघडला. भाजी आणायला गेले तर कोपऱ्यावर बंद पडली. भाजीवाली म्हणाली, "बाई, आज मेथी घ्या, गाडीलाच घाला." मी हसले नाही.

११ फेब्रुवारी

मिस्त्रीला बोलावलं. नाइलाजाने. आला, हात मागे बांधून बघत राहिला, आणि म्हणाला, "बाई, दोन कार्बोरेटर म्हणजे दोन सवती. एकीचं ऐकावं तर दुसरी रुसते. दोन्ही काढून टाकू, एक मोठा बसवतो. संसार सुखाचा."

"माझ्या गाडीत सवतीच नांदतील," मी म्हटलं.

दारातून हे म्हणाले, "तिसरा मी आहेच."

मिस्त्री इतका हसला की मला चहा करावा लागला. गाडीला मात्र हात लावू दिला नाही. ज्याला काढून टाकणं हाच उपाय सुचतो, त्याच्या हातात पाना द्यायचा नाही.

१४ फेब्रुवारी

आणखी वाईट. पेट्रोल पंपावर जाऊन भेसळ करता का म्हणून विचारून आले. भांडूनच आले म्हणायचं. तिथून घेतलेलं पेट्रोल ह्यांच्या गाडीत घातलं. ती मुकाट पळते.

मुलीचा फोन. "आई, ओरडतेस कशाला? मी काय डोंगरापलीकडे आहे का?" ओरडत कोण होतं! मग म्हणे, "विकून टाक ना गं, किती जीव काढतेस." हिला सायकल शिकवली तेव्हा पहिल्या दिवशी पडल्यावर हेच म्हणाली होती. तेव्हाही ऐकलं नव्हतं.

रविवारपुढचा रविवार. रविवारपुढचा रविवार. दिवसभर हेच डोक्यात.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मान धरली आहे. रात्रीत उशी कुठे गेली कोण जाणे. उजवीकडे वळतच नाही.

तरी बॉनेट उघडलं. नेहमी मी पुढच्या कार्बोरेटरशी उजव्या हाताने नळी धरते, उजव्या कानात. मागच्याशी डाव्या हाताने, डाव्या कानात. उभं राहिलं की हात तसेच पडतात. हिच्या बाबतीत मी कायम तसंच केलं आहे. आज मान वळेना, म्हणून पुढच्याचीही नळी डाव्या कानात घातली.

फुस्स! केवढा आवाज! मागच्याच्या दुप्पट.

नळी काढून उजव्या कानात घातली. जवळजवळ काहीच नाही. परत डाव्यात. फुस्स. नळी तीच. कार्बोरेटर तोच. कान वेगळा.

पुढचा मंद नव्हताच. मीच दर वेळी त्याला आणखी उघडत गेले. आणि मिस्त्रीला, पंपवाल्याला, सगळ्या जगाला दोष दिला.

बॉनेट लावून नळी जागेवर ठेवली. ह्यांना काही सांगितलं नाही.

१८ फेब्रुवारी

सांगितलं. लपवून काय होणार? "मला वाटलंच होतं," हे म्हणाले. मग बोलला का नाहीत? "बोललो होतो," म्हणाले. "दोनदा."

कानाचे डॉक्टर तरुण आहेत. पहिलं वाक्य — "मॅडम, हळू बोललात तरी मला ऐकू येतं." उजवा बराच गेला आहे. डावाही मागोमाग निघाला आहे. बारीक, चिरके आवाज आधी जातात म्हणे. उघड्या गाडीत बसता का, वारा कोणत्या बाजूने लागतो, विचारलं. उजव्या. सगळी वर्षं उजव्या.

मशीन सांगितलं आहे. शनिवारी मिळेल. "टप लावून चालवत जा," म्हणाले. बघू.

१९ फेब्रुवारी

दोन्हीकडे डावाच कान लावून पाहिला. दोन आवाजांमध्ये मोठा फरक असेल तर कळतो. बारीक फरक कळत नाही. तो ऐकू येतो की मला नुसता आठवतो, तेच सांगता येईना. स्क्रू सोडून दिला. अंदाजाने काम मी कधी केलं नाही.

२० फेब्रुवारी

सकाळी ह्यांना म्हटलं, "अहो, तुमचे कान पाहिजेत."

"फक्त कान? बाकीचा ठेवून येऊ?"

ह्या माणसाने आजवर हिच्या बॉनेटला हात लावलेला नाही. वर्तमानपत्र अंथरून त्यावर उभे राहिले, चपलेला तेल लागू नये म्हणून! नळी उलटी धरली. मी सुलटी करून दिली. मग डोळे मिटून ऐकू लागले.

"पुढचा जास्त."

मी स्क्रू फिरवला.

"अजून जास्त. ... अजून. ... थांब. आता मागचा जास्त."

"नक्की?"

"अगं, नाहीतर सांगितलं असतं का?"

थोडं पुढे, थोडं मागे. मला वाटलं पाच मिनिटांत कंटाळतील. कंटाळले नाहीत. एकदा मी म्हटलं, पुरे आता, चालेल एवढं. तर म्हणाले, "नाही. अजून केसभर फरक आहे." ह्यांच्या तोंडून हे! स्क्रू केसभर फिरवला, आणि माझ्या बोटांखाली इंजिनाची थरथर एकदम निवली. कान लागलेच नाहीत, हातानेच कळलं.

चपलेला तेल लागलंच.

२१ फेब्रुवारी

प्लग चारही एका रंगाचे. खमंग भाजल्यासारखे. मंडई, बँक, नदीपलीकडचा चढ — कुठेही अडखळली नाही. भाजीवालीकडून मेथी घेतली.

२२ फेब्रुवारी

मशीन आलं. घरात इतके आवाज आहेत! फ्रिज, नळ, ह्यांची चप्पल. वर्तमानपत्राची घडी म्हणजे पत्रा फाटल्यासारखी. तरी काढणार नाही. सवय होईल.

तेल, पाणी, चाकांतली हवा बघून ठेवली. टप चढवला. उद्या घाट.

२३ फेब्रुवारी, रविवार

इंजिन असं चाललं, की आजवर कधी नाही. पहिल्या वळणावर डावीकडून बारीक आवाज आला. मला वाटलं दार वाजतंय. दुसऱ्या वळणावर पुन्हा. दार नव्हतं. हे पुटपुटत होते — "हे एक झालं. आता पुढचं. सावकाश गं बाई, सावकाश." दाराची मूठ धरून बोटं पांढरी पडलेली. प्रत्येक वळणाला. किती वर्षं हे चाललं असेल! आणि गुरुवारी नळी कानाला लावून केसभर फरकसुद्धा खरा सांगितला. नुसतं "पुरे" म्हणाले असते तरी ह्या घाटातून कायमचे सुटले असते.

माथा समोर दिसत होता. तेवढं न थांबता चढलं की गाडी राहिली. गाडी थांबली नाही. मी थांबवली.