मीठ चाखायला एकटे मामा

आदरणीय मामा,

“तू वासरं बघ, मी बैल बघतो, म्हणजे दोघं लवकर घरी जाऊ,” असं तुम्ही मला लहानपणी गुरांच्या ठाण्यावर म्हणाला होतात. त्या वाक्यावर मी आज पगार घेते. (बरे उठलात ना? गुडघा काय म्हणतो? आम्ही इकडे गाबोरोनी शहरात बरे आहोत, फक्त माझ्या लेकीचं, बोइपेलोचं लग्न तुमच्या होकारावाचून अडलं आहे.) आमच्या महासंगणक केंद्रात दुसरं काय चालतं? देशभराच्या पावसाचं अवाढव्य गणित आलं की त्याचे तुकडे पाडायचे आणि सगळे एकदम सोडवायचे. यंत्र बिचारं सांगितलं तेवढंच करतं. तुकडे कसे पाडायचे, कोणाचं काम आधी लावायचं, खोळंबा कुठे होतोय, हे ओळखणारी माणसंच खरी. फार हुशार माणसं आहेत, मामा. त्यांना लग्नघरी बोलावू नये.

धाकट्या बहिणीच्या लेकाच्या लग्नात मी बोलावलं. सेस्वासाठी शिजवून कुटायच्या मांसाचा एकच प्रचंड हंडा बघून केंद्रात गणिताचे तुकडे पाडणारा आमचा ओतेंग कळवळला. “मावशी, एवढं काम एकाच्याच डोक्यावर?” लगेच मांस डझनभर भांड्यांत वाटलं गेलं. यंत्र थंड ठेवणारा म्मोलोकी जाळ सांभाळायला बसला. कामांची रांग लावणारी सेदिमो कुठल्या चुलीला आधी लाकूड मिळेल यावरून आत्याबाईंशी भांडली. मांस मात्र खरंच वेळेआधी शिजलं! (मला क्षणभर अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू?)

पण मामांनी मीठ चाखल्याशिवाय कुटायला घ्यायचं नाही, हे त्या शहाण्यांच्या हिशेबात नव्हतं. तुम्ही पहिल्याच भांड्यापाशी डोळे मिटून चघळत बसलात, वर त्या बैलाची सगळी कुळकथा सांगितलीत. शेवटची भांडी करपली. नवरीकडची माणसं नुसती भाजी चिवडत बसली. तेवढ्यात ओतेंग ओरडला, “सापडला! खोळंबा सापडला! मामा!” आणि आमची मंडळी, ऑफिसात वाजवतात तशा, टाळ्या वाजवू लागली.

तुम्ही न जेवता गाडीत बसलात ते आजतागायत बोलला नाहीत. मी ओतेंगला फैलावर घेतलं, तर म्हणतो, “मावशी, मी दोष कुठे दिला? जागा दाखवली.” त्यालाच हंड्यात घालावंसं वाटलं.

तुमची भाची,
केनेइल्वे

ता. क. बोइपेलोसाठी ठरवलेला मुलगा कोण, हे गेल्या पत्रात लिहायचं टाळलं होतं. ओतेंगच. ती त्याच्याशिवाय कोणाशी लग्न करणार नाही, आणि तिचं चुकतंय असं मला मनापासून म्हणता येत नाही.

आणखी एक. शनिवारी तो माफी मागायला येतोय. त्याला बसायला खुर्ची द्या, होकार द्या, आणि लग्नात अर्धी भांडी त्याला चाखू द्या. पहिल्या दोन गोष्टी तुम्ही कदाचित कराल. तिसरीला नाही म्हणाल, हे ठाऊक असूनही विचारते आहे.