पाच जिवंत पेशंट

४ ऑगस्ट, सोमवार
शहरातून परत. खेड्यातल्या डॉक्टरांना हाताने करायची कामं शिकवणारा दोन दिवसांचा कोर्स संपला. टाके, निखळलेला खांदा, छातीत नळी वगैरे. टाक्यांमध्ये मी वर्गात पहिला. म्हणजे सगळ्यांच्या आधी संपवले. शिकवणारी म्हणाली, डॉ. टॅरंट, जरा दमानं घ्या. हेवा, दुसरं काय!

आता फक्त पाच जिवंत पेशंट हवेत. पाच जणांना टाके, प्रत्येकाखाली आमच्या सिस्टर लॉर्ना पास्कोची सही. मग २९ला परीक्षक येऊन सहावा पेशंट बघणार. नाही जमलं तर आरोग्य खातं आमच्या हॉस्पिटलातली टाक्यांची खोली बंद करणार. म्हणजे बुलंगारीत कुणाचा हात कापला की त्याने तो टॉवेलात गुंडाळून एकशे नव्वद किलोमीटर जायचं. अख्ख्या गावाची भिस्त माझ्यावर.

५ ऑगस्ट
संकल्प. रोज सकाळी सहाला सराव. बिस्किटं बंद (हात स्थिर राहतो). डार्सीचा विषय काढणाऱ्याकडे ढुंकूनही न बघणे.

डार्सी म्हणजे मेंढ्यांची लोकर कातरणारा. गेल्या वर्षी त्याच्या तळव्याला टाके घालताना माझा हातमोजाही सोबत शिवला गेला. झालं, गावाला वर्षभराचं हसू मिळालं. मोजा किती पक्का बसला होता, ते मात्र कुणी बोलत नाही.

६ ऑगस्ट, सकाळी ८.१०
सहाला उठलो नाही. आमच्याकडे ऑगस्ट म्हणजे ऐन हिवाळा. थंडीत बोटं आखडतात, उगाच इजा व्हायची. सरावासाठी खाटकाकडून डुकराचे सहा पाय आणले. पाहुणे येणार का, असं त्याने विचारलं. म्हटलं, नाही, पेशंट आहेत.

७ ऑगस्ट
बिस्किटं तीन. मोजून.

१० ऑगस्ट, रविवार
घात झाला! माझं आजवरचं सर्वोत्तम काम, चौदा टाके घातलेला पाय, फ्रिजमध्ये होता. बायकोने, विनीने, त्याचं सूप केलं आणि जेवायला बोलावलेल्या पाद्रीबाबांना वाढलं. त्यांच्या दातांत निळा दोरा अडकला. ओढतायत, ओढतायत, निघेना. मी अभिमानाने सांगितलं, गाठ माझी आहे. जेवण तिथेच आटोपलं. विनी म्हणाली, यापुढे फ्रिजमध्ये एक जरी पेशंट दिसला तर त्याच्यासोबत तूही गॅरेजमध्ये मुक्काम कर. कलेची कदर नाही या घरात.

१४ ऑगस्ट
कातरणीचा हंगाम सुरू. चार शेड, चाळीस माणसं, हातात धारदार यंत्रं. आणि एकही जखमी नाही! सिस्टर लॉर्ना म्हणाली, माणसं जपून काम करतायत, डॉक्टर. अर्थातच. मी कोर्स करून आलोय हे कळल्यावर गावात एक शिस्त आलीय.

पण मग पेशंट कुठून आणू?

१८ ऑगस्ट
बेकरीत डार्सी दिसला. कोपराजवळ सहा टाके. सुरेख, एका ओळीत. कुठे घातले, विचारलं. तो चपापला. म्हणाला, बाहेरगावी. बिचारा! सहा टाक्यांसाठी एकशे नव्वद किलोमीटर! यासाठीच तर खोली वाचायला हवी. त्याला तसं सांगितलंसुद्धा. तो पायाकडे बघत राहिला. भरून आलं असणार.

२० ऑगस्ट
टाक्यांच्या दोऱ्याचा साठा अर्ध्यावर. मी तर एकही वापरला नाही. सिस्टर म्हणाली, उंदीर. पिंजरे मागवले.

शिवाय दुपारी एक ते दोन मी घरी जेवायला आणि जरा आडवा व्हायला जातो, तेव्हा हॉस्पिटलच्या मागच्या दाराशी गाड्यांची ही गर्दी! सिस्टर म्हणाली, मी केलेला खोबऱ्याचा केक खायला येतात. सरकारी जागेत केक! पण मी मोठ्या मनाचा आहे. चालू दिलं.

२५ ऑगस्ट
जिवंत पेशंट: शून्य. गप्प बसून चालणार नाही. बॅग घेऊन थेट शेडवर गेलो, दारात उभा राहिलो. मला बघून माणसं इतकी जपून कातरू लागली की मुकादम वैतागला. शेवटी म्हणाला, डॉक, तुम्हाला शिवायचंच आहे ना? ही घ्या मेंढी. पोटाला कापलंय तिच्या.

सहा टाके घातले. पाच मेंढीला, एक माझ्या बाहीला. उठली आणि मला घेऊनच निघाली. सिस्टरने सही नाकारली. नियमांचा बाऊ करते बाई.

२९ ऑगस्ट, शुक्रवार
परीक्षक डॉ. हेदर क्वान अकराला हजर. पेशंट नाही. मी म्हटलं, प्रात्यक्षिक दाखवतो. डुकराचा पाय विनीने गॅरेजमधल्या फ्रीझरात टाकून दगडासारखा गोठवलेला. त्यावर सुरी चालवली. सुरी सटकली. डावा तळवा.

त्यानंतर छत दिसलं. साखर कमी झाली असणार. बिस्किटं सोडल्याचा परिणाम.

शुद्धीवर आलो तेव्हा सिस्टर लॉर्ना सातवा टाका घालत होती आणि डॉ. क्वान वाकून बघत होत्या. याआधी किती जणांना घातलेत, त्यांनी तिला विचारलं. सिस्टरने माझ्याकडे पाहिलं, मग खणातून एक वही काढली. या महिन्यात एकतीस. सगळी शेडवरची नावं. डार्सी दोनदा.

तीन वर्षांपूर्वी तिने तोच कोर्स केलाय. स्वतःच्या रजेत. मला सांगितलं का नाही, विचारलं. म्हणाली, तुम्हाला वाईट वाटलं असतं, डॉक्टर.

खोली वाचली. सिस्टर लॉर्ना पास्कोच्या नावावर. वहीत बत्तिसावं नाव माझं, पुढे शेरा: रुग्ण शांत होता.

आनंदच आहे. गावाचं भलं झालं. वाईट वाटलं, पण ते हात ठणकत होता म्हणून.

१० सप्टेंबर, दुपारी १.०५
बारा दिवस झाले. टाके काढायला गेलो. पुढच्या दाराला कुलूप. एक ते दोन डॉक्टर जेवायला जातात, अशी पाटी. माझीच. मागच्या दाराशी गेलो. रांग होती. माझा नंबर चौथा.

पुढे डार्सी. म्हणाला, डॉक, पहिलीच खेप ना? घाबरू नका, बाईचा हात हलका आहे. कळतसुद्धा नाही. मग सरकून बाकावर जागा दिली आणि आपल्यातला अर्धा केक माझ्या चांगल्या हातावर ठेवला.

केक खरंच चांगला आहे.