दोन भालाईत

१९ सप्टेंबर १९४८, जालना

निजामाचं राज्य गेलं. गावभर गुलाल. आणि अलीमला धरलं! रजाकार म्हणून! अलीमला — जो कोंबडं कापतानाही तोंड फिरवतो.

त्याची आई अकबरबी दारात येऊन रडली. "मास्तर, उसके जेब में तुमारीच दी हुई तस्वीर मिली."

सिगारेटच्या पाकिटातलं पुठ्ठ्याचं चित्र. निजामाच्या फौजेचा भालाईत स्वार. वडिलांच्या पाकिटांतून असे शिपाई मी लहानपणापासून जमवतोय. अलीमलाही तोच नाद. भालाईत माझ्याकडे दोन होते, त्याच्याकडे एकही नाही. गणपतीत मीच एक दिला — वर ऐटही मिरवली! चौकीवर आता तेच त्याचं ओळखपत्र ठरलंय.

२० सप्टेंबर

उपाय साधा आहे. माझा भालाईत त्याच्या भालाइताशेजारी ठेवायचा. म्हणायचं, बघा, सिगारेटचं चित्र आहे, मीच दिलंय.

पुष्पा आडवी आली. बायकोच ती! "न्हाई जायचं! गडीमाणूस दिसला की चौकीवरचे पहिलं हाणून राह्यलेत, मंग इचारून राह्यलेत."

गेलो नाही. तिच्यावर ढकलतोय, पण खरं म्हणजे मलाच भीती वाटली.

२१ सप्टेंबर

शेजारचे रामराव सांगून गेले — धरलेल्यांना उद्या औरंगाबादला नेणार.

टोपी घातली. पेटी उघडली. गुरखा आहे, उंटस्वार आहे — भालाईत नाही!

"चुलीत घातला," पुष्पा म्हणाली. भाकरी थापता थापता!

लग्न झाल्यापासून पहिल्यांदा हात उगारला. खाली घेतला, पण बोललो ते फार वाईट. एका आईचा लेक जाळलास, म्हणालो. तसाच चौकीच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. रिकाम्या हाताने काय बोलणार? परत आलो. जेवलो नाही.

२२ सप्टेंबर

पुष्पा सकाळीच निघून गेली, न सांगता. माहेरी गेली असेल. जाऊ दे!

२२ सप्टेंबर, दुपार

अलीम दारात! ओठ फुटलेला, पण सुटलेला. हातात दोन भालाईत.

"भाभी एकट्या आल्त्या चौकीवर. दोन्ही चित्रं साहेबाम्होरं ठिवली. म्हणल्या, आमचं माणूस येडं हाय, शिपाई जमवतंय, अन् हा त्याच्यावानीच दुसरा येडा."

मागून पुष्पा आली. मला तिच्याकडे बघवेना.

"सरका दारातून," ती म्हणाली. "तुमी दोघं बी कालपासून उपाशी हायेत."