नवव्या खोलीची तुळई

२ जुलै, मंगळवार

आज दोन पिशव्या, एक सूक्ष्मदर्शक आणि आईचा पितळी डबा घेऊन करी रोडच्या भिकोबा चाळीत राहायला आले. खोली नंबर नऊ, पहिला मजला, कोपऱ्याची. खिडकीसमोर टॉवरचं पार्किंग आहे, गाड्यांसाठी अकरा मजले. आमच्या वाट्याला दहा बाय बारा. पण गॅलरीत वारा इतका छान येतो की एकटीच हसले.

काम तीन आठवड्यांचं. चाळ धोकादायक आहे का, याची तपासणी मालकाने एका कंपनीकडे दिली आहे. लाकूड कोणत्या बुरशीने किती खाल्लं हे सांगायला कंपनीने मला घेतलं. बुरशीत डॉक्टरेट केलेल्या बाईला मुंबईत असं काम क्वचित मिळतं. पावसात बुरशी रोज पाहावी लागते, म्हणून इथेच राहते असं मीच सुचवलं. शिवाय शीवची भाड्याची खोली सुटलीच होती. चाळीचे सेक्रेटरी प्रफुल्ल यांनी किल्ली देताना सांगितलं, मॅडम, आमच्या भिंतींना ताप आहे का बघा, फक्त औषध म्हणून बिल्डर लिहून देऊ नका.

ते हसले, पण खरं तेच आहे. माझ्या सहीवर चोवीस बिऱ्हाडं इथे राहणार की संक्रमण शिबिरात जाणार, हे ठरेल.

शेजारी दहा नंबरात रखमाकाकी. गिरणीत वाइंडिंग खात्यात होत्या, वय ऐंशीच्या पुढे. चहा घेऊन आल्या आणि माझ्या सूक्ष्मदर्शकाकडे बघून म्हणाल्या, ह्या मशिनीत माझो मोतीबिंदू दिसात काय गो?

३ जुलै, बुधवार

नुसत्या मागच्या चौकात आणि जिन्याखाली सतरा जाती! फेकलेल्या दारावर पंख्यासारखी केसाळ बुरशी. महिनोन्महिने वाळून बसते आणि थेंब लागला की पुन्हा जिवंत होते. फणसाच्या ओंडक्यावर माणसाच्या कानासारखे लवलवीत तुकडे. नळाजवळ शाईछत्री, सकाळी पांढरी, दुपारपर्यंत स्वतःच विरघळून काळी शाई. एका करवंटीत बोटाच्या पेराएवढे पेले आणि त्यांत बीजाणूंनी भरलेली मसुरीएवढी अंडी. पावसाचा थेंब पेल्यात पडला की अंडं उडून दूर पडतं, तिथे नवा संसार.

लोक सगळ्यांना कुत्र्याच्या छत्र्या म्हणून मोकळे होतात. पण छत्री हे नुसतं फळ. खरी बुरशी म्हणजे खालचं तंतूंचं जाळं. काही जाती मेलेलं खातात, काही जिवंत पोखरतात, आणि काही झाडांच्या मुळांशी देवाणघेवाण करतात. पाणी देतात, साखर घेतात. या तिसऱ्या प्रकाराची मला नेहमी माया वाटते.

५ जुलै, शुक्रवार

आज तुळया पाहिल्या. तपकिरी कूज लाकडाला चौकोनी भेगा पाडून त्याचा भुगा करते, पांढरी कूज त्याला कापसासारखं पिंजते. इथे दोन्ही आहेत. लाकडात खुपसून बघायचा टोचा मुठीपर्यंत आत जातो. नियमाने ही चाळ गेल्या दहा पावसाळ्यांत कधीही बसायला हवी होती.

दोरी लावून मोजलं. एकही तुळई वाकलेली नाही.

हातोडीने ठोकलं तर आवाज दोन प्रकारचे. बहुतेक ठिकाणी भद्द. पण बंद खोल्यांवर ठणठणीत, नव्या सागासारखा. अशा अकरा खोल्यांना कुलपं आहेत. प्रफुल्ल म्हणाले, गावाला गेलेत सगळे. कधी येणार विचारलं तर त्यांना फोन आला.

बंद दारांच्या वर, तुळईवर, एक पांढरा पापुद्रा दिसतो. भिंगाखाली धरला. बुरशीचे तंतू फांद्यांसारखे फुटतात, वाट मिळेल तसे. हे तंतू उभे-आडवे होते. एकावरून, एकाखालून. वासही बुरशीचा नव्हे. नव्या मांजरपाटाचा, खळीसकट.

कोणत्याच वर्गात बसत नाही. आनंदाने जेवण गेलं नाही.

८ जुलै, सोमवार

रखमाकाकींनी वाटीभर आळमीचं कालवण पाठवलं. मागच्या टाकीपाशी उगवली म्हणे, चाळीत पहिली आळमी निघाली की वाटी घरोघर जाते. मी ओळख पटल्याशिवाय रानातली अळंबी खात नाही. कालवण नमुन्याच्या बाटलीत ओतलं, वाटी घासली. रिकामी वाटी परत द्यायची नसते, म्हणून तीत साखर घातली.

काकींनी साखरेकडे बघितलं, मग माझ्याकडे. तपासतंस तूच आणि भितंस पण तूच, म्हणाल्या. चाळ आमका देता, आमी चाळीक देतो. साखरेन काय होता?

मी हसले. नंतर बाटलीतल्या तुकड्याचा काप घेतला. तेच तंतू. उभे, आडवे.

११ जुलै, गुरुवार

चौदा नंबरचे आनंदाभाऊ साचा खात्यात विणकर होते. परवा तासभर गॅलरीत बसून साच्याच्या गोष्टी सांगत होते. सुटलेला धागा डोळे मिटून कसा सांधायचा ते माझ्या ओढणीवर करून दाखवलं. जाताना पाठ भिंतीला टेकवून उभे राहिले, म्हणाले, आता वेळ झाली बघ माझी, आणि खोलीत गेले.

आज चौदाला कुलूप. गावाक गेले, रखमाकाकी म्हणाल्या.

चौदावरची तुळई मी परवाच ठोकली होती. वहीत नोंद आहे: भद्द. आज पुन्हा ठोकली.

ठण.

१३ जुलै, शनिवार

दुपारी सगळे जेवून पडले होते. स्टूल लावून चौदाच्या दारावरच्या जाळीतून आत पाहिलं.

आनंदाभाऊ भिंतीला पाठ लावून उभे होते. हात वर, तळवे तुळईला टेकलेले. कोपरापासून पुढे हात कुठे संपतो आणि लाकूड कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. सगळं एकाच पांढऱ्या कापडाने विणलेलं. कापड छातीवरून गळ्यापर्यंत आलं होतं, स्वच्छ, काठ नीट दुमडलेला. छाती हलत होती. संथ.

मग त्यांनी डोळे उघडले. ओळखलं मला. मान हलवता येत नव्हती म्हणून नुसत्या डोळ्यांनी हसले.

स्टुलावरून कशी उतरले आठवत नाही. गुडघा फुटला आहे.

१४ जुलै, रविवार

पिशव्या भरून जिन्यापर्यंत गेले. पोलिसांत जायचं ठरवलं होतं. काय सांगणार होते?

रखमाकाकी जिन्यावर बसल्या होत्या. अडवलं नाही. मी ओरडले त्यांच्यावर, माणसं भिंतीत चिणता तुम्ही म्हणून. त्या शांतपणे म्हणाल्या की कोणी कोणाला चिणलं नाही. नऊ नंबरातलो आधीचो भाडेकरू नाय म्हणालो, आमी त्याका स्टेशनापर्यंत सोडलो. जबरदस्तीचा माणूस तुळयेक धरना नाय, गो.

म्हणजे नऊ नंबर रिकामा होता तो यासाठी. मला लगेच दिला तोही. हेही मी विचारलं. त्यांनी मान खाली घातली आणि होय म्हणाल्या.

त्या क्षणी कंपनीच्या साहेबांचा फोन आला. अहवाल त्यांनी टाइप करून ठेवला आहे, ‘अतिधोकादायक’, मी फक्त सही करायची. शुक्रवारी लोकांसमोर शेवटची ठोकपीट करू, आठवड्यात चाळ रिकामी. मी विचारलं, माझ्या नोंदी वाचल्या का? म्हणाले, नोंदी कशाला, मॅडम, निकाल माहीत आहे ना.

पिशव्या घेऊन वर आले.

१५ जुलै, सोमवार

आमची भोईवाड्यातली चाळ मी बावीस वर्षांची असताना अशाच एका सहीने रिकामी झाली. दोन वर्षांत परत याल म्हणाले. आई संक्रमण शिबिरात सोळा वर्षं राहिली आणि तिथेच गेली. जुन्या खोलीची किल्ली शेवटपर्यंत कमरेला होती. त्या शिबिराच्या भिंतीला इतकी ओल की बाबासाहेबांची तसबीर आतून फुगली, काळी पडली. आई दर रविवारी ती कोरड्या फडक्याने पुसायची. मी बुरशी शिकले ती त्या भिंतीवरून.

सही करणारा कोण होता, कधी कळलं नाही. त्याने आमच्या भिंतीला हात तरी लावला होता का?

मी लावला आहे. मी सही करणार नाही.

भीती गेलेली नाही. भीती आहे आणि सही करणार नाही, एवढंच.

१६ जुलै, मंगळवार

शेजारच्या प्लॉटवर पायलिंग सुरू झालं, पायाचे खांब जमिनीत ठोकताहेत. प्रत्येक घावाला भांडी हलतात. माझ्या खोलीवरच्या तुळईला तडा गेला. पेन्सिलने खूण केली. सकाळी दोन मिलिमीटर. संध्याकाळी पाच.

जिन्याची तुळईही खाली येत होती. प्रफुल्ल येऊन म्हणाले, मॅडम, मी जरा गावाला जाऊन येतो. नेहमीसारखे हसले. त्यांच्या नखांच्या कडा पांढऱ्या होत्या. जिन्याखालच्या मीटरच्या खोलीला आता कुलूप आहे.

जिना हलत नाही.

१७ जुलै, बुधवार

आठ मिलिमीटर.

काकींचे गुडघे उभं राहू देत नाहीत. मी राह्यलंय असतंय, म्हणाल्या, आणि रडल्या. बाकीच्या घरांत लेकुरवाळ्या बायका. त्यांना कोण सांगणार? मी तर नाही.

एक विचार पोखरतो आहे. पंधरा दिवस इथली हवा श्वासात घेते आहे. ही जी हिंमत वाटते ती माझी, की तिची— त्या पांढऱ्या बुरशीची? तिला मी हवी आहे म्हणून मला आई आठवते का?

पहिली पानं काढून वाचली. आईचा डबा पहिल्याच ओळीत आहे. मी आले त्या दिवशीचा. तो घरातून उचलला तेव्हा इथला श्वासही घेतला नव्हता.

हिंमत माझीच.

१८ जुलै, गुरुवार

अकरा मिलिमीटर. छतातून भुगा पडतो, वहीवर, भातावर.

अहवाल लिहिला. माझ्या अक्षरात, माझ्या सहीने. प्रत्येक तुळईची नोंद, प्रत्येक आवाज. शेवटी: इमारत उभी आहे आणि उभी राहील. साहेबांना पाठवला, चाळीच्या फळ्यावर लावला. साहेबांचे सात फोन. उचलले नाहीत.

नावाच्या रकान्यात काही सुचेना. मेलेलं खाणारी नाही, पोखरणारी नाही. तिसरा प्रकार. पुढे रिकामं ठेवलं.

दुपारी काकींकडे वाटी मागितली. त्यांनी दोनदा विचारलं. मी दोनदा हो म्हटलं.

चव खोबऱ्याची. आणि खळीची.

वाटी घासली. रिकामी कशी द्यायची? तीत टोचा ठेवला. आता तो मला लागणार नाही.

१९ जुलै, शुक्रवार, सकाळ

डाव्या हाताने लिहिते आहे. वही खिडकीच्या कट्ट्यावर. उजवा वर आहे.

दुखत नाही. गार वाटतं. मनगटाशी काठ दुमडतानाचा स्पर्श— आई परकराला शिवण घालायची तसा.

तडा: तीन मिलिमीटर. मघाशी सात होता.

पायलिंगचा घाव बसला. तो इथून तिथवर गेला, चौदापर्यंत, जिन्यापर्यंत, आणि परत आला. आनंदाभाऊंनी सांधला. कळलं मला. डोळे मिटून.

भीती वाटते. खूप. लिहून ठेवते, वाटते.

तडा: शून्य.

९.४०

खाली गाडी थांबली. साहेबांचा आवाज. चार माणसं, घण आहे. काकी गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या आहेत, दाराला बाहेरून कुलूप त्यांनीच घातलं. साहेबांना सांगताहेत, नऊवाली बाय गावाक गेली.

जिना चढताहेत. पायरी न् पायरी मला—

डावा हात जड

ठोका म्हणावं. एकदा ठोका, शंभरदा ठोका. ही भिंत मी तपासली आहे, हिला हात लावून. आई, ऐकतेस ना, या वेळी आपण हलणार ना