डाव्या हाताचं तोरण

आई,

तुला जाऊन अठरा वर्षं झाली आणि माझा तुझ्यावरचा राग अजून जसाच्या तसा आहे. लोक म्हणतात, माणूस गेलं की राग विरतो. कसला विरतोय! दर पितृपक्षात तुझं पान वाढतो, वाडीत सुपारीखाली नेऊन ठेवतो, आणि कावळा शिवेना झाला की हात जोडून मनातल्या मनात म्हणतो, शीव गो बाई एकदाची, तुझ्यापायी अजून किती ताटकळायचं? बायको म्हणते, गेलेल्या माणसाशी असं बोलू नये. म्हटलं, असताना बोलू दिलं असतं तर आता बोललो नसतो. काही सांगायला बसलं की 'थांब, भात लागेल' म्हणून उठून जायचीस. आता कुठला भात! आपल्या धाकटीच्या लेकीचं लग्न होऊन आज बारा दिवस झाले. तुला चार शब्द ऐकवल्याशिवाय मला काही चैन पडणार नाही, तेव्हा ऐक.

एकोणीस वर्षांचा होतो मी, वाडीतल्या विहिरीच्या कठड्यावरून शेवाळावर पाय सटकून पडलो आणि मांडी मोडून घेतली. चार महिने प्लास्टर. मागच्या पडवीत माझी खाट टाकलीस, एका बाजूला सुपारीचं वाळवण, दुसऱ्या बाजूला मी, दोघंही वाळत पडलेले. मी चिडचिड करून तुला नको नको केलं, तेव्हा तू तुझ्या माहेरून आणलेली क्रोशाची पोलादी सुई आणि पांढऱ्या दोऱ्याचं रीळ माझ्या मांडीवर टाकलंस. "घे, काहीतरी कर, पण गप बस." मी डावखुरा. तुझ्या शेजारी बसून बघितलं तर सगळं उलटं दिसायचं. मग तूच युक्ती काढलीस, खाटेसमोर पाट ओढून घेतलास आणि गुडघ्याला गुडघा लावून समोर बसलीस. "आता आरशात बघतोस असं समज." साखळी, मुका खांब, खांब, असा एकेक टाका. तुझा उजवा हात आणि माझा डावा, दोघं एकाच बाजूने चालतायत. आठवड्यात मी रुमाल पुरा केला. तू तो उलटसुलट करून पाहिलास आणि म्हणालीस, "मेल्या, तुझ्यासारखा हात माझासुद्धा नाही." एवढं कौतुक तू आयुष्यात दुसऱ्या कशाचं केलं नाहीस. पण ते पडवीतच. पडवीच्या दाराबाहेर तो शब्द कधी गेला नाही. कुणाची चप्पल वाजली की आधी दार लोटायचीस, मग माझ्या हातातलं काढून उशीखाली सारायचीस. "पुरुषासारखा पुरुष विणत बसलेला दिसला तर लोक तोंडात शेण घालतील." पाय बरा झाला, तरी माझी सुई सुटली नाही आणि तुझं दार लोटणंही सुटलं नाही.

मग दोन वर्षांनी धाकटीला पालीचं स्थळ आलं. मोठं घर, आणि सासूबाई स्वतः विणकामात तरबेज. बघायला आल्या तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला, आणि तू छाती पुढे काढून सांगितलंस, "विणते की! दिवसभर हातात सुई असते तिच्या." धाकटी माझ्याकडे बघतेय, मी तुझ्याकडे. धाकटीने एकदा रुमाल विणायला घेतला होता, तो मासळीचं जाळं म्हणून खपला असता. लग्न ठरलं आणि तू तुझी सुजलेली बोटं माझ्यापुढे धरलीस. "माझ्याने होत नाही रे आता. बहिणीच्या संसारासाठी एवढं नाही करणार?" केलं. सात महिने केलं. अननसाच्या नक्षीचा टेबलक्लॉथ, गणपतीच्या मखराचा पडदा, सुपारीच्या नवरा-नवरीला इवलासा शेला आणि शालू, दाराचं तोरण. रुखवताचं टेबल मांडलं तेव्हा बघणाऱ्यांची रीघ लागली. आणि सगळ्याच्या मधोमध तुझ्या अक्षरातलं कार्ड, 'वधूने स्वहस्ते विणलेले'. स्वहस्ते! तो एक शब्द घातला नसतास तर काय बिघडलं असतं गो?

सासूबाई आल्या, चष्मा लावला, टेबलक्लॉथचा कोपरा उचलला आणि म्हणाल्या, "हे उलट्या बाजूने चाललंय. मुलगी डावखुरी आहे का हो?" मला वाटलं, आता तरी तू सांगशील. सगळं नाही, निदान 'भावाने थोडी मदत केली' एवढं. तू पापणीसुद्धा हलवली नाहीस. "हो, डावखुरीच आहे. जेवायला-वाढायला तेवढी उजव्याची सवय लावलीय." अगदी देवासमोर सांगावं तसं. मग त्यांनी धाकटीला विचारलं, कोपऱ्याला वळवताना साखळ्या किती घातल्यास? धाकटी नुसती हिरवा चुडा फिरवत राहिली. माझ्याच्याने राहवेना. म्हटलं, "पाच. तीन घातल्या तर कोपरा ओढतो." सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. आणि तू हसत हसत म्हणालीस, "त्याचं काय ऐकता! पाय मोडून चार महिने बायकांत पडून होता, तेव्हापासून जरासा बायकीच झालाय." हॉलभर हशा. माझे मित्र होते तिथे, आई. बाबा होते. पुढे कित्येक वर्षं या गावात मला त्या शब्दाने हाका मारल्या पोरांनी, आणि शब्द तू दिलास. घरी आल्यावर तुला विचारलं तर म्हणालीस, "बोलावं लागतं. मुलीचं लग्न होतं." माझं काय होतं ते?

बरं, तेवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. धाकटीची तर त्याहून मोठी पंचाईत करून ठेवलीस. सासरी तिला डाव्या हाताने रांगोळी काढावी लागली, डाव्या हाताने किराणा मालाची यादी लिहावी लागली. माहेरी आली की रडायची आणि रडता रडता हसायची. "दादा, परवा डाव्या हाताने सुईत दोरा ओवला, अर्धा तास लागला." सासूबाई समोर आल्या की सुई डाव्या हातात धरून ती चार साखळ्या घालायची आणि त्या वळल्या की उसवायची. आणि इकडे मी. पहिल्या संक्रांतीला तिच्यासाठी हलव्याचे दागिने, दिवाळीला तोरणं, डोहाळजेवणाला मोगऱ्याच्या कळ्यांसारखी विणलेली, दागिन्यांसारखी अंगावर घालायची वाडी, बारशाला टोपडं आणि पायमोजे, भाचीच्या बोरन्हाणाला काळं झबलं आणि त्यावर हलव्याची नक्षी, एकेक दाणा टाचून. पार्सल बांधून तू सकाळच्या पालीच्या एसटीत कंडक्टरच्या हातात द्यायचीस आणि वर मला सांगायचीस, "नाव घालू नकोस आत." बोरन्हाणाला मी मामा म्हणून गेलो होतो. पोर झबल्यात गोड दिसत होती. सासूबाई माझ्या हातात हरभरे-चुरमुऱ्यांची वाटी देऊन म्हणतात, "बघितलंत बहिणीचं काम? तुम्ही पुरुष काय, आयतं मिरवणार." मी हो म्हटलं. काय करणार?

मग तू गेलीस. पार्सलं बंद झाली, कारण मी बंद केली. तेराव्याला धाकटीला स्पष्ट सांगितलं, आता तुझ्यासाठी एक टाकासुद्धा घालणार नाही. तिने काय करावं? सासरी जाऊन सांगितलं, "आई गेल्यापासून हातात सुई धरवत नाही." सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. तुझ्या मरणाचाही उपयोग झाला बघ शेवटी. मी मात्र त्याच महिन्यात सुई उचलून आपल्या वह्या-पेनांच्या दुकानाच्या गल्ल्यावर बसलो, भर बाजारात, एसटी स्टँडसमोर. पहिले आठ दिवस लोक हसले. मग कुणी नातवाची टोपी मागितली, कुणी गौरीच्या मुखवट्यामागे लावायला जाळी मागितली. शेण कुणी घातलं नाही तोंडात. तू उगाच घाबरवलंस मला, इतकी वर्षं.

आता परवाचं ऐक. भाचीचं लग्न ठरलं, मुलगा म्हसळ्याचा. भाचीने फोन केला, "मामा, रुखवतात तुझं तोरण पाहिजे." मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी धाकटी दारात. चहासुद्धा घेतला नाही. "दादा, तोरण कर, पण कार्डावर माझं नाव घाल. सासूबाई अजून सगळ्यांना माझं रुखवत सांगतात. या वयात माझी शोभा करू नकोस रे." मी म्हटलं, "कार्ड मी लिहिणार. आणि तुझ्या सासूने, त्या म्हातारीने विचारलं तर सगळं सांगणार, पहिल्या रुमालापासून." तिचा चेहरा उतरला. "सत्तावीस वर्षं झाली, अजून तुझं तेच?" "तेच. तुला काय गेलं सांगायला?" ती उठली आणि चप्पल घालता घालता म्हणाली, "मला काय गेलं ते डाव्या हाताला विचार." मला वाईट वाटलं, पण थांबवलं नाही मी तिला. तोरणासाठी आंब्याच्या पानांचे एकवीस तुकडे केले, एकेक तुकडा असा घट्ट विणला की पाण्यात टाकला तरी आकार सोडायचा नाही. प्रत्येक तुकड्याला तुला एक शिवी, असा हिशेब ठेवला होता.

लग्नाच्या दिवशी कार्ड ठेवलं, 'वधूच्या मामाने विणलेले', आणि मामा म्हणून मुंडावळ्यांच्या गडबडीत असायला हवं तर मी टेबलाशेजारी खुर्ची टाकून ठाण मांडलं. म्हातारी आली, काठी टेकत. आता ऐंशीच्या पुढे आहे, पण नजर तीच. कार्ड वाचलं. तोरणाचा एक तुकडा बोटांत धरून फिरवला. मग माझ्याकडे बघितलं, मग तीन हातांवर उभ्या असलेल्या धाकटीकडे, आणि हळूच म्हणाली, "हाही डावा हात. सूनबाईंच्या रुखवतातलं होतं, ते तुमचंच का हो?" आई, याच प्रश्नासाठी मी इतकी वर्षं थांबलो होतो. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. म्हसळ्याच्या बायका कान देऊन उभ्या. धाकटीने डोळे मिटून घेतले होते, आणि तिने पदराचं टोक डाव्या हातात धरलं होतं. इतक्या वर्षांत सवयच लागली असावी. माझ्याने ते बघवेना. म्हटलं, "नाही हो, ते तिचंच. आम्ही दोघंही डावखुरे." म्हातारीला हायसं वाटलं असेल. म्हणाली, "मग आईंनीच शिकवलं असणार दोघांना. काय हात असेल त्या माउलीचा!"

माउली! तो शब्द ऐकला आणि माझं डोकं फिरलं. धाकटीपायी जे बोलता आलं नव्हतं ते सगळं बाहेर पडायला बघत होतंच. हसत हसत म्हणालो, अगदी तू हसली होतीस तसंच, "आई? छे हो! आईला कुठलं येतंय विणायला. साधी साखळी जमत नव्हती तिला. आम्ही आपले आपणच शिकलो." "अगो बाई!" म्हातारी म्हणाली, "मग पोरं गेली कुणावर?" बायका हसल्या. मीही हसलो. जिंकलो, आई. तुझं नाव पुसलं, आणि तेही ज्या बाईपुढे तू माझं पुसलंस तिच्यापुढेच.

पंगतीच्या वेळी धाकटी पाण्याचा जग घेऊन आली आणि वाकून म्हणाली, "आईला का मध्ये ओढलंस?" म्हटलं, "मग तुला ओढायला हवं होतं?" ती माझ्या पेल्यात पाणी ओतून पुढे गेली.

बारा दिवस वाट बघतोय, वाईट वाटेल, वाटेल म्हणून. नाही वाटत. पण काल दुकानात एक कॉलेजची मुलगी आली, मी विणत होतो ते बघत उभी राहिली आणि म्हणाली, "काका, कुणी शिकवलं हो?" तोंड उघडलं, आणि पुढचा शब्दच येईना. इतकी वर्षं गल्ल्यावर हाच प्रश्न येतोय, आणि इतकी वर्षं मी उत्तर देत आलोय, आईने. तुझ्याबद्दल लोकांना सांगावं असं माझ्यापाशी तेवढं एकच होतं. मुलीला म्हटलं, "घरीच." आणि तिला हवा होता तो पेन काढून दिला.

हा कागद कुठे पोस्टात टाकायचा नाही. तुझ्यावरचा राग आहे तो आहेच. पण मी बोललो ते खोटं होतं, एवढं इथे तुझ्यापुरतं कबूल करतो. म्हातारीला खरं सांगायला मी काही पालीला जाणार नाही.